पडले नाही, बसलेय

सकाळी आईचं अंग पुसताना माझ्या तोंडून ‘वळा’ गेलं. म्हणायचं होतं ‘वळ’. एका कान्याचा फरक. ड्यूटीची वेळ होत आली होती, कोमट पाण्याचं भांडं स्टुलाच्या कडेला आलं होतं, दिवसाच्या बाई अजून यायच्या होत्या. अशा वेळी जिभेला हाड नसतं, ती आपली सवयीच्या वाटेने जाते. वॉर्डात दिवसभर मी वळाच म्हणते. वळा आजी, वळा काका, कूस बदला, शाब्बास. आईने कूस बदलली. कठड्याला धरून, मी शिकवलंय तशी, आधी गुडघा आणि मागून खांदा. आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “हो सिस्टर.” मी पाठ पुसली, पावडर लावली. आईची पाठ काय सांगू! एक डाग नाही, कुठे लाल नाही, माकडहाडावर बोट दाबलं तर रंग लगेच परत येतो. इतके महिने अंथरुणात असलेल्या बाईची अशी पाठ दाखवायला शिकाऊ मुलींना घरी आणावं, असं मला नेहमी वाटतं. आजही वाटलं, आणि मग टॉवेल हातात तसाच राहिला. म्हटलं, “आई, काय म्हणालीस?” तिने भिंतीकडचं तोंड फिरवलं नाही. तिला ऐकू चांगलं येतं. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं तर कोणता डबा ते ती पडल्या पडल्या सांगते.

आता आमच्या घरात ‘तुम्ही’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आई कपडे शिवायची, फ्रॉक, शाळेचे युनिफॉर्म, पडदे, कुणी काय आणेल ते. गिऱ्हाइकाला ती तुम्ही म्हणायची आणि आम्हाला तू. पण रागावली की आमचंही गिऱ्हाईक व्हायचं. “या बाईसाहेब, बसा, पाणी देऊ का तुम्हाला?” असं ऐकू आलं की समजायचं, आज आपली काही धडगत नाही. दादा तर त्या ‘अहो साहेब’पेक्षा दोन धपाटे परवडले म्हणायचा. तेव्हा आजचं ‘हो सिस्टर’ हा टोमणा असेल तर ती जुनी आई आत कुठेतरी शाबूत आहे, आणि माझ्यावर भयंकर रागावलेली आहे. आणि टोमणा नसेल तर? तर तिला तिथे खरंच एक सिस्टर दिसली. चांगली असेल, हात हलका असेल, पण सिस्टर. यातलं कोणतं झालेलं मला चालेल हेही मला ठरवता येईना. वास्तविक पडताळा घेणं किती सोपं आहे. कुठे आहात, आज वार कोणता, मी कोण. हे तीन प्रश्न मी रोज कुणाला ना कुणाला विचारते, जेवलात का विचारावं इतक्या सहज. आईला विचारायची माझी छाती झाली नाही. बाई आल्या, मी पर्स उचलली आणि निघाले.

वॉर्डात पाऊल टाकलं तर रेडिओ दारातच उभी. ही आमची रात्रपाळीची सिस्टर, माझ्याच वयाची, आवाज असा की तिने कानात सांगितलेलं शेजारच्या वॉर्डात कळतं, म्हणून रेडिओ. “मोठ्या सिस्टर, फॉल झाला. कंडक्टरकाका. उजाडता उजाडता. मी पलीकडे इंजेक्शन देत होते, वळून बघते तर हे खाली!” कंडक्टरकाका म्हणजे कोपऱ्यातल्या कॉटवरचे म्हातारे, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेले, आता छातीत पाणी झालंय म्हणून आलेले. कॉटचे कठडे वर केलेले, त्यामागे ते मांडी घालून बसले होते. मी विचारलं, “काय हो काका, पडलात?” तर म्हणतात, “छे हो. पडतोय कशाला? उतरलो.” “उतरलात?” “स्टॉप आला, उतरलो. त्या गादीवर पाठीची वाट लागलीये माझ्या. जरा भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसलो होतो, तर या बाईंनी शिट्टीच मारली.” आजूबाजूच्या कॉटवरचे हसले. रेडिओही हसली, पण रिपोर्ट तिने भरून ठेवला होता, आणि तो बरोबरच होता. पडताना कुणी पाहिलं नाही आणि पेशंट जमिनीवर सापडला, तर ते पडणंच धरायचं. पेशंट काय म्हणतो ते लिहायचं, पण धरायचं नाही. म्हातारी माणसं लपवतात. मुलाला कळेल, डॉक्टर ओरडतील, घरी सोडणार नाहीत, म्हणून लपवतात, आणि मग दुपारी डोक्यात रक्तस्राव झालेला निघतो. हा नियम मीच शिकवते. किती बॅचेसना शिकवलाय! “ते म्हणणारच, मी बसलो होतो. सगळेच म्हणतात,” असं म्हणून मी जरा थांबते, म्हणजे मुली हसतात.

काही महिन्यांपूर्वी आईही अशीच स्वयंपाकघराच्या बाहेरच्या फरशीवर सापडली होती. सापडली! बघा, आताही माझ्या तोंडात तोच शब्द येतो. मी दुपारची घरी आले, कुलूप काढलं, तर आई खाली, एक पाय लांब, एक दुमडलेला, शेजारी मोठी कातरी, आणि भोवती पांढरं कापड पसरलेलं. पर्स टाकली आणि गुडघ्यावर बसले. “हलू नकोस. अजिबात हलू नकोस. डोकं आपटलं का? कुठे दुखतंय? उलटीसारखं होतंय?” आई माझ्याकडे बघतच राहिली. “अगं पडले नाही, बसलेय. डोळे फुटले का तुझे?” मी तिच्यापुढे बोटं धरली. “ही किती?” “बोटं दोन,” आई म्हणाली, “आणि दीडशहाणी एक.” मी हसले नाही. आज आठवलं की हसू येतं. माझे जुने युनिफॉर्म उसवून ती उशांचे अभ्रे बेतत होती, आणि कापड बेतायचं तर तिला जमीनच लागायची. दादाने एकदा हौसेने टेबल आणून दिलं होतं, त्यावर तिने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. “टेबलावर कापड लोंबतं,” म्हणायची. “जमिनीवर ते निजतं. निजलेलं कापड खोटं बोलत नाही.” खडूची रेघ अर्ध्यापर्यंत कापलेली होती, सरळ, न थरथरता. पडलेल्या बाईच्या हातून अशी रेघ कापली जाते का? हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. दिसलं नाही. मला एक म्हातारी जमिनीवर दिसली, आणि शेजारी कातरी.

मग काय, मी नियोजन केलं. या शब्दाची आता मला शिसारी येते, पण तेव्हा केलं, आणि मन लावून केलं. धोका काय, उद्दिष्ट काय, त्यासाठी काय करायचं, कधी तपासायचं. पुन्हा पडता कामा नये, हे पहिलं. पाठीला जखम होता कामा नये, हे दुसरं. कठड्याची कॉट भाड्याने आणली, खुर्चीचा संडास आणला, दिवसाच्या बाई ठेवल्या. बाईंना बजावलं, एकटीने उठू द्यायचं नाही, खाली तर उतरवायचंच नाही. शिवणाचं मशीन झाकून खिडकीखाली सरकवलं. कातरी कपाटावर टाकली. आईने आधी आकाशपाताळ एक केलं. कठड्यावरून पाय टाकायची, बाईंना शिव्या द्यायची, एकदा तर तिने भाताची ताटली भिरकावली. मी आले की म्हणायची, “मला खाली बसव. घटकाभर बसव. मग चढव तुझ्या त्या मचाणावर.” मी म्हणायची, “हो आई, बसवू हं, जरा ताकद येऊ दे.” ताकद कुठून येणार होती? पलंगावर पडून कुणाच्या पायात ताकद आलीये? मांडीचं मांस किती लवकर झडतं हे मी फळ्यावर लिहून शिकवते, आणि घरी आईच्या मांड्या वितळत होत्या आणि मी तिची पाठ बघत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पुढे ती बोलायची थांबली. शिव्याही थांबल्या. भरवलं की खायची, वळ म्हटलं की वळायची. बाई म्हणाल्या, “आजी आता अगदी गुणाच्या झाल्यात, काही त्रास नाही.” दादा फोनवर म्हणाला, “तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त.” आणि मला, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. वॉर्डात एखादा आरडाओरडा करणारा पेशंट शांत झाला की आपण नोंदीत लिहितो, सहकार्य करतो. मी मनातल्या मनात आईपुढे तेच लिहिलं.

“सही करताय ना?” रेडिओ म्हणाली. तिला घरी जायचं होतं, पायात चपला होत्या. मी कंडक्टरकाकांचा कागद पुढे ओढला. पडले की उतरले, हे मला त्या घडीला त्यांच्याकडून नीट ऐकावंसं वाटत होतं, अगदी शपथेवर. जणू त्यांनी सांगितलं की आईचंही निकालात निघणार होतं. पण ऐकून काय करणार होते मी? उद्या त्यांना खरंच काही झालं तर? सही केली. प्लॅनच्या कागदावर शेवटचा रकाना मूल्यमापनाचा असतो, तो सगळ्या मान वर न करता भरतात. उद्दिष्ट साध्य. म्हणजे पडले नाहीत ना, जखम नाही ना, मग साध्य. आईचंही सगळं साध्य झालं होतं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त त्यात आई कुठे राहिली ते मला सांगता आलं नसतं. मी रेडिओला म्हटलं, “दुपारच्या सिस्टरला निरोप ठेव, काकांना दोघींनी धरून खिडकीपर्यंत चालवा. आणि तिथे बसायचं असलं तर बसू द्या.” “प्लॅनमध्ये नाहीये ते.” “मग घाल.” ती माझ्याकडे पाहत राहिली. “बरं आहे ना तुम्हाला?” म्हणाली. काका कठड्यामागून म्हणाले, “डबल बेल मारली म्हणायची का, सिस्टर? सुटली गाडी?” मी हो म्हटलं, पण कठडा काही खाली केला नाही. त्यांनी त्यावर हात ठेवला होता, आणि मला तो हात बघवला नाही, म्हणून मी औषधांच्या ट्रॉलीकडे गेले.

दिवसभर काम केलं. हात आपले करत राहतात. पण कुणालाही ‘वळा’ म्हटलं की कानात ‘हो सिस्टर’ यायचं. आईच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं? जी बाई मला धुते, पुसते, भरवते, वळवते, मी काय सांगते ते ऐकत नाही, आणि काही मागितलं की ‘हो हं’ म्हणते, तिला मी तरी दुसरं काय म्हटलं असतं? ड्यूटी संपल्यावर मी रस्त्याने चालत निघाले. दुकानांच्या काचांत कपडे टांगलेले होते, आणि एका लहान फ्रॉकच्या घेरावर टाचण्या तशाच राहिल्या होत्या. आई आमची मापं घ्यायची तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या असायच्या, म्हणून ती ओठ मिटूनच बोलायची. “हं. वळ.” खांद्याला धरून फिरवायची. “हात वर. श्वास सोड, पोट आत नको घेऊस, खोटं माप होईल.” तिचे हात गार असायचे आणि टेपचं पितळी टोक आणखी गार, मी खिदळायची आणि ती टाचण्यांमधून दटावायची. मीही वळायचेच की तेव्हा. पण ती मला माझ्या अंगाचा फ्रॉक शिवत होती. बाहीत हात अडकला तर लगेच उसवायची. कापड वाया गेलं तरी चालेल, पोर अडकायला नको, म्हणायची. मी तिला काय शिवलं? एकदाही विचारलं नाही, आई, कुठे काचतंय का? रस्त्यात माझे डोळे भरून आले, आणि माणसं बघायला लागली म्हणून मी पावलं उचलली.

घरी बाई पिशवी घेऊन निघायच्या बेतातच होत्या. “ताई, आलात? मग मी भाजी घेऊन येते. आजी निजल्यात.” आई निजलेली नव्हती. छताकडे बघत होती. मी हात धुतले, कपडे बदलले. का कोण जाणे, त्या युनिफॉर्ममध्ये तिच्यापुढे जावंसं वाटेना. मग स्टूल घेतलं आणि कपाटावरून कातरी काढली. कापडाची घडी मशीनच्या खणात होती, अर्धं कापलेलं, खडूची रेघ अजून होती. फरशीवर जाड सतरंजी घातली, भिंतीला उशी लावली. कठडा खाली केला. तो खाली करताना होणारा खडखडाट इतके दिवस माझ्या कानांना कधी खटकला नव्हता. “आई,” मी म्हटलं, “चल. खाली बसू.” ती माझ्याकडे बघेना. ‘मी कोण’ हा प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला. तिला बसतं केलं, पाय खाली सोडले, माझा गुडघा तिच्या गुडघ्यांमध्ये दिला आणि तिला मिठीत घेऊन हळूहळू खाली घेत गेले. वजनच नव्हतं. कापडाचं ठाण खांद्यावर टाकून चढण चढायची ही बाई! तिचे पाय सतरंजीवर मी ठेवले तसेच राहिले. मांडी घालून द्यायला गेले तर गुडघे अर्ध्यातच अडले. पुन्हा उभं करायला दोन माणसं लागणार होती, आणि आपल्या पायांनी ती आता कधीच उभी राहणार नव्हती. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. ज्या दिवशी ती बसली होती त्या दिवशी तिला बसू दिलं असतं तर आजही ती हात टेकून, ‘उठ गं बये’ असं स्वतःलाच म्हणत उठली असती.

मी कापड पसरलं. आईने आधी फरशीवर हात फिरवला, सतरंजी संपते तिथे, गार फरशीवर, तळहात सपाट ठेवून. मग कापडावर. सुरकुती दिसली तिथे बोटांनी काढली, काठ ओढून सरळ केला, आणि खडूच्या रेघेवर अंगठा ठेवून आपण कुठे थांबलो होतो ते शोधलं. मी कातरी तिच्या हातात दिली. तिने ती नीट धरली, पण बोटांनी ती मिटेना. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला, आणि दोघींनी मिळून एक काप दिला. कापड चरचरलं. एवढ्यात दार वाजलं आणि बाई आत आल्या. हातातली पिशवी तशीच खाली गेली, एक कांदा घरंगळत आला. “अगं बाई! ताई! आजी पडल्या?”

“पडली नाही,” मी म्हटलं. “बसलीये.”

“अहो पण तुम्हीच सांगितलंयत, खाली उतरवायचं नाही म्हणून!”

“सांगितलं होतं. तुम्ही चहा टाका, मग दोघी मिळून वर घेऊ.” बाई कपाळाला हात लावून कांदा उचलून आत गेल्या. आई त्यांच्या पाठीकडे बघत होती. त्या दिसेनाशा झाल्यावर ती माझ्या बाजूला कलली. तिच्या तोंडाला मी सकाळी लावलेल्या औषधाचा वास होता. कानाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “सिस्टरला सांगू नकोस हं. ओरडेल ती.”

‘नका’ नाही, ‘नकोस’ म्हणाली. हसू आणि रडू एकदमच वर आलं, आणि कापड हलू नये म्हणून मी श्वास धरून ठेवला.

“नाही सांगत,” मी म्हटलं. “ती कामावर गेलीये.”

“बरं झालं,” आई म्हणाली. मग मागे टेकली, कातरी रेघेवर आणली आणि माझ्या हाताची वाट बघत म्हणाली, “नीट धर गं. लोंबू देऊ नकोस.”